सावा मेला नाही, पण दोष जनुकाचा नव्हता : उमरेड तालुक्यातलं एक प्रकरण

१४ ऑगस्टला आमच्या प्रयोगशाळेत एक पाकीट आलं. लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट, आत वर्तमानपत्राच्या घडीत गवताची आठ पानं आणि वहीच्या कागदावर दोन ओळी : ‘सोयाबीनमधला सावा. दोनदा औषध मारलं, मरत नाही.’ पाकीट घेऊन आलेला मुलगा नागपुरात शिकतो. वावर त्याच्या मामांचं, उमरेड तालुक्यात, सहा एकर काळी जमीन. मामांचा निरोप त्याने शब्दशः सांगितला : “त्या ताईले विचार, गवताले औषध लागत नाही असं झालं का? झालं असन त मी कायले पैसे घालू?”

मी मानेवाडा रस्त्यावरच्या एका लहान आण्विक प्रयोगशाळेत काम करते. आमचं रोजचं काम बियाण्याची शुद्धता तपासण्याचं. तणाचा नमुना क्वचित येतो, म्हणून हे पाकीट उघडताना मला उत्साह होता. त्या उत्साहाच्या भरात मी जो अहवाल दिला तो चुकीचा होता आणि त्याची किंमत शेतकऱ्याने एका एकराने मोजली. हे प्रकरण मी मुद्दाम तपशिलात लिहिते आहे. विदर्भात सोयाबीनवर वर्षानुवर्षं त्याच दोन गटांतली तणनाशकं पडताहेत, त्यामुळे अशी पाकिटं पुढे वाढणार आहेत. ती उघडणाऱ्याला आमची चूक माहीत असलेली बरी.

प्रश्न काय होता

मामांनी मारलेलं औषध क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के, सोबत इमॅझेथापायर. पहिलं गवतवर्गीय तणांसाठी, दुसरं मुख्यतः रुंद पानांच्या तणांसाठी. क्विझालोफॉप गवताच्या पेशीतल्या एसीसीएज नावाच्या एन्झाइमला जाऊन चिकटतं. हे एन्झाइम मेदाम्लं तयार करतं. ते बंद पडलं की नवी पेशी बनत नाही आणि गवताचा वाढीचा कोंब आतून मरतो. सोयाबीनच्या पानात या एन्झाइमची घडण वेगळी असते, म्हणून पीक वाचतं.

एन्झाइमच्या जनुकात मोक्याच्या ठिकाणी डीएनएचं एक अक्षर (ए, सी, जी, टी यांपैकी) बदललं, तर औषधाला चिकटायला जागा राहत नाही. गवतांत अशा सात जागा चांगल्या अभ्यासलेल्या आहेत : १७८१, १९९९, २०२७, २०४१, २०७८, २०८८ आणि २०९६. हे क्रमांक एन्झाइमच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या जागांचे, आणि ते युरोपातल्या ब्लॅकग्रास या तणाच्या एन्झाइमवरून मोजतात. तण कोणतंही असो, मोजणी तीच. तेव्हा ‘जनुकीय चाचणी’ म्हणजे या जागांभोवतीचा तुकडा पीसीआरने वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या, त्याचं सिक्वेन्सिंग करायचं आणि अक्षरं वाचायची. बी तयार होण्याआधी, उभ्या पिकात, एका पानावरून उत्तर मिळतं. ही तिची खरी ताकद आहे आणि आजही माझा तिच्यावर विश्वास आहे.

भीती निराधार नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणाच्या गव्हात गुल्ली डंडा हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं, आणि काही शेतकऱ्यांवर उभा गहू चारा म्हणून कापायची वेळ आली. पुढे त्याच तणाने क्लोडिनाफॉपलाही, म्हणजे क्विझालोफॉपच्याच गटातल्या औषधाला, जुमानणं सोडलं. आपल्याकडे दुकानात नाव बदलून दुसरा डबा घेतला तरी क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फेनॉक्साप्रॉप ही सगळी त्या एकाच एन्झाइमवर बसतात. डबा बदलल्याने घाव घालायची जागा बदलत नाही.

पहिला अहवाल

आठही पानांतून डीएनए चांगला निघाला. सिक्वेन्सिंग आम्ही बाहेरून करून घेतो. २८ ऑगस्टला फाइली आल्या.

सिक्वेन्सिंगचा आलेख ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर चार रंगांच्या टेकड्या एकामागून एक सरकत जातात : ए हिरवी, सी निळी, जी काळी, टी लाल. एका जागी एकच टेकडी असेल तर अक्षर स्पष्ट. दोन टेकड्या एकमेकींच्या पोटात शिरलेल्या दिसल्या, तर त्या जागी दोन वेगळी अक्षरं आहेत. साधारण द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या झाडात याचा अर्थ असा घेतात की जनुकाची एक प्रत आईकडून आणि दुसरी बापाकडून वेगळी आली आहे, म्हणजे झाड मिश्र आहे.

आठही नमुन्यांत १७८१ च्या कोडॉनवर, म्हणजे त्या जागेचं अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांत, हिरव्या टेकडीच्या पोटात एक बुटकी लाल टेकडी होती. सॉफ्टवेअरने ती जागा लाल चौकटीत दाखवली. १७८१ ही या सात जागांतली सर्वांत गाजलेली. मी फार वेळ घेतला नाही. ‘१७८१ या जागी मिश्र बदल, प्रतिकारक्षमतेची दाट शक्यता’ असं लिहून दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवला.

चार दिवसांनी भाच्याचा फोन आला. मामांनी रस्त्याकडचा एक एकर रोटाव्हेटर घालून मोडला होता. तिथे सावा जास्त होता, आणि कागदावर औषध लागणार नाही असं लिहून आलं होतं. उरलेल्या पाच एकरांत त्यांनी बाया लावून निंदण काढलं.

फोन ठेवून मी फाइली पुन्हा उघडल्या. त्या संध्याकाळी जे दिसलं ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

आठपैकी आठ

पहिली गोष्ट, आठही झाडं मिश्र. सावा मुख्यतः स्वतःच्याच परागाने बी धरतो. अशा गवतात मिश्र झाड पिढीगणिक कमी होत जातं. बहुतेक झाडं एक तर पूर्ण बदललेली सापडावीत किंवा पूर्ण जुनी. आठपैकी एखादं मिश्र निघालं तर समजू शकतं. आठही मिश्र, एकही पूर्ण बदललेलं नाही, एकही जुनं नाही, हे औषधाने केलेल्या निवडीतून आलेल्या बदलाचं चित्रच नव्हे.

दुसरी गोष्ट टेकड्यांची उंची. मिश्र झाडात दोन्ही टेकड्या साधारण सारख्या उंचीच्या हव्यात. इथे लाल टेकडी आठही आलेखांत हिरवीच्या निम्म्याच्या आसपास होती. म्हणजे तीन भागांत दोन भाग ए आणि एक भाग टी.

या ‘तीन भागां’नी डोक्यात उजेड पडला. सावा, शास्त्रीय नावाने एकिनोक्लोआ कोलोना, हे षट्गुणित गवत आहे. त्यात गुणसूत्रांचे सहा संच असतात, एकूण ५४. तीन वेगळ्या पूर्वज घराण्यांचे जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, एका झाडात एकत्र नांदतात, म्हणून एसीसीएजच्या जनुकाच्याही एकाहून जास्त आवृत्त्या एकाच वेळी वाचल्या जातात. घराणी वेगळी, तेव्हा अक्षरांत इथे तिथे फरक असणारच. आपण सरळ पीसीआर करून वाचतो तेव्हा त्या सगळ्या आवृत्त्या एकावर एक ठेवून वाचल्यासारखं होतं. दोन टेकड्या दिसतात, पण तो बदल औषधामुळे आलेला नसतो. तो त्या गवताच्या जन्मापासूनचा असतो.

आणि तिसरी गोष्ट, जी लिहिताना अजूनही हात जड होतो. फरक कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरात होता. एका आवृत्तीत एटीए, दुसरीत एटीटी. दोन्हींचा अर्थ एकच : आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल. एन्झाइममध्ये काहीही बदललेलं नव्हतं. औषधाला अडवणारा बदल म्हणजे तिथे ल्युसिन यायला हवं होतं, आणि त्यासाठी पहिलं अक्षर बदलून सीटीए किंवा टीटीए व्हायला हवं. मी अक्षराचा अमिनो आम्लात अर्थ लावूनच पाहिला नाही. जागेचा क्रमांक ओळखीचा होता, चौकट लाल होती, आणि मनात हरियाणाची गोष्ट आधीच तयार होती.

वावरात

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गणेशपेठ स्टँडवरून एसटी धरली आणि उमरेडला उतरून वावरात पोचले. मामांना आधी सगळं सांगितलं. ते बराच वेळ मोडलेल्या एकराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कागदावर लिहून आलं म्हणून मानलं जी. आता तुम्ही आल्या त पाहून घ्या.”

मोडलेल्या भागाचं काही सांगता येत नव्हतं. पण पलीकडे धुऱ्यालगत निंदण न लागलेला एक तुकडा होता, आणि त्याने दहा मिनिटांत जे सांगितलं ते आठ पानांनी सांगितलं नव्हतं. सावा पट्ट्यापट्ट्याने उभा होता. पट्टे सरळ, तासांच्या दिशेने, दोन हात रुंद. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत वाळलेला सावा जमिनीवर पडलेला. फवारणारा माणूस जिथे वळतो त्या धुऱ्याच्या टोकाला हिरवं जास्त. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या हिरव्या पट्ट्यांत माठही जिवंत होता. माठ मारायचं काम इमॅझेथापायरचं, आणि ते वेगळ्याच एन्झाइमवर चालतं. दोन वेगळ्या घावांतून, दोन वेगळ्या जातींची तणं, नेमकी एकाच पट्टीत वाचली, तर तिथे औषधच नीट पोचलं नाही असं आधी मानायला हवं.

खरी प्रतिकारक्षमता वावरात वेगळी दिसते. एका मातृझाडाचं बी सांडतं, तिथे ठिगळासारखा पुंजका तयार होतो. त्यात मेलेल्या झाडाला खेटून त्याच जातीचं हिरवं झाड उभं असतं, शेजारची दुसरी तणं मेलेली असतात, आणि तो पुंजका दर हंगामात मोठा होत जातो. मामांना विचारलं, मागच्या वर्षी इथे असं होतं का? “नाही जी. मागच्या साली साफ मेलं होतं.”

मग धुऱ्यावर बसून फवारणीचा हिशेब काढला. पेरणी २६ जूनला, पहिली फवारणी ३१ जुलैला. हे औषध गवत दोन ते चार पानांवर असताना, म्हणजे साधारण पंधरा ते वीस दिवसांच्या पिकात मारायचं. आधी पावसाने उघडीप दिली नाही, मग माणसं रोवणीला गेली, आणि माणसं आली तेव्हा पाऊस गेला. फवारणीच्या दिवशी बारा दिवसांची ओढ होती आणि साव्याला पाच-सहा फुटवे आले होते. तहानलेल्या गवतात रस चढत नाही, त्यामुळे औषध कोंबापर्यंत पोचत नाही.

मात्रा : पंधरा लिटरच्या पंपाला ४० मिलिलिटर, एकराला पाच पंप. म्हणजे एकरी २०० मिलिलिटर औषध आणि ७५ लिटर पाणी. शिफारस हेक्टरी ७५० ते १००० मिलिलिटरची आहे, म्हणजे एकरी ३०० ते ४००, आणि पाणी निदान २०० लिटर. पंपाला नोझल कीटकनाशकाचं, गोल फवारा देणारं हॉलो कोन; तणनाशकाला सपाट फवारा देणारं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट लागतं. दुसरी फवारणी १० ऑगस्टला, त्याच पंपाने. पानं तोडली १४ ला. क्विझालोफॉपने गवत पिवळं पडून मरायला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणजे आमच्याकडे आलेली पानं ‘वाचलेल्या’ झाडांची होती असंही म्हणता येत नाही. ती सगळी रस्त्याकडच्या एकाच पट्टीतून तोडली होती, कारण भाच्याला तिथून गाडी पकडायची होती. त्याला कुठून किती पानं आणायची हे आम्हीच सांगितलं नव्हतं.

कुंड्या

मामांना उत्तर हवं होतं आणि मलाही. वावरातून, वेगवेगळ्या पट्ट्यांतून, साव्याचे तीस बुंधे मुळांसकट उपटून आणले. गावातल्या देवळामागच्या पडीत जमिनीवर कधीच तणनाशक पडलेलं नाही. तिथलेही पंधरा आणले. पानं चार बोटांवर छाटून कुंड्यांत लावले. नवी पालवी फुटली की फवारायचं. बी पिकायची वाट न पाहता याच हंगामात उत्तर देणारी ही साधी पद्धत जगभर वापरतात.

वावरातले २४ बुंधे रुजले, देवळामागचे १२. मात्रेचा हिशेब कुंडीच्या आकारावर आणताना लक्षात येतं की आपण किती थोड्या औषधाबद्दल बोलतो आहोत : एकरी ३०० म्हणजे एका चौरस मीटरला ०.०७५ मिलिलिटरही नाही, ५० मिलिलिटर पाण्यात मिसळून. गच्चीवर फ्लॅट फॅन नोझल लावून, चालण्याचा वेग मोजून फवारलं. वावरातल्या आठ कुंड्यांना ३००, आठांना ४००, आठ कोऱ्या, न फवारलेल्या. देवळामागच्या चार, चार, चार.

आठव्या दिवशी पोंगा ओढून पाहिला. हा प्रकार प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा. वरून झाड हिरवंच दिसतं, पण मधलं गुंडाळलेलं पान दोन बोटांत धरून हलकेच ओढलं की अलगद हातात येतं, आणि त्याचं बूड तपकिरी, कुजल्यासारखं असतं. औषध लागलं की नाही हे त्या बुडावर दिसतं. ४०० च्या आठही कुंड्यांत पोंगा सुटला. ३०० च्या सात कुंड्यांत सुटला. देवळामागच्या फवारलेल्या आठही कुंड्यांत सुटला. एकविसाव्या दिवशी ही सगळी झाडं वाळली होती. ३०० च्या एका कुंडीतलं एक झाड मात्र बुडाशी बाजूने पुन्हा फुटलं.

तोवर देवळामागच्या झाडांचं सिक्वेन्सिंगही आलं होतं. तीच हिरवी टेकडी, तिच्या पोटात तीच बुटकी लाल. ज्या गवताने औषध कधी पाहिलं नाही त्यातही तोच ‘बदल’.

एक शंका उरत होती. षट्गुणित झाडात खरा बदल एखाद्याच आवृत्तीत असेल, तर बाकीच्या आवृत्त्यांच्या गर्दीत त्याची टेकडी इतकी बुटकी दिसेल की नजर चुकेल. आणि त्याचा जोरही कमी पडतो, कारण बाकीच्या प्रतींचं एन्झाइम औषधाला बळी पडतच राहतं. जंगली ओट हेही षट्गुणित, त्यात हे दिसून आलेलं आहे. म्हणून वावरातल्या दोन झाडांचे पीसीआरचे तुकडे जिवाणूत क्लोन करून एकेक प्रत सुटी वाचली. तीन प्रकारच्या आवृत्त्या मिळाल्या. सातही जागा तिन्हींत जशाच्या तशा.

तरीही ‘जनुक स्वच्छ’ म्हणजे ‘प्रतिकारक्षमता नाही’ असं मी यापुढे कधी लिहिणार नाही. ही चाचणी फक्त औषध जिथे बसतं ती जागा तपासते. तण औषध पचवून टाकत असेल, तर त्या जागेत काहीच दिसत नाही. हरियाणाच्या गुल्ली डंड्याचं आयसोप्रोट्युरॉनचं प्रकरण असंच पचवण्याचं होतं. आणि कधी अक्षर न बदलता प्रतींची संख्याच वाढते. अमेरिकेत जॉर्जियातल्या पामर माठात ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या एन्झाइमवर बसतं त्याच्या जनुकाच्या पाच पटींपासून १६० पटींहून जास्त प्रती सापडल्या, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे अक्षरं वाचून काही कळलं नसतं, प्रती मोजाव्या लागल्या. आपल्याकडे चोर बीटीच्या, म्हणजे विनापरवाना विकल्या जाणाऱ्या तणनाशक-सहनशील कापसाच्या वावरात ग्लायफोसेट किती आणि कसं पडतं हे गावागावात माहीत आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात त्याच्या वापरावर केंद्राने निर्बंध घातले असले तरी. तिथला माठ, केना घेऊन कोणी आलं तर कोणती चाचणी लावायची हे आधी ठरवावं लागेल. कुंडीला मात्र कारण माहीत असावं लागत नाही. झाड मेलं की जगलं, एवढं ती सांगते, आणि आधी तेच विचारायला हवं.

त्यानंतर

सुधारित अहवाल मी स्वतः नेऊन दिला. नमुन्यांचे पैसे परत केले. त्या एकराचे करू शकलो नाही. निंदण लावलेल्या पाच एकरांतलं सोयाबीन ऑक्टोबरात निघालं. तो एकरही तसाच निघाला असता.

प्रयोगशाळेत तणाच्या नमुन्यासोबत आता एक पान भरून घेतो : पेरणी कधी, फवारणी कधी, तेव्हा गवत किती पानांवर, पाऊस कधीचा, पंपाला किती, एकरी किती पंप, नोझल कोणतं, मागची तीन वर्षं कोणतं औषध. वावराचे फोटो मागतो, उभं राहून काढलेले, पट्टे की पुंजके ते दिसतील असे. पानं वावराच्या वेगवेगळ्या भागांतल्या निदान दहा झाडांची, फवारणीनंतर तीन आठवड्यांनी, आणि कधीच न फवारलेल्या जागेची सोबत. कुंडीत झाड जगल्याशिवाय सिक्वेन्सिंगला पाठवत नाही. कुंड्यांचा खर्च एका नमुन्याच्या सिक्वेन्सिंगहून कमी येतो. खरंच काही सापडलं, तर तो नमुना जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे दाखवल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात कागद देणार नाही.

मार्चमध्ये, नागपूरचं ऊन तापल्यावर, वावरातून गोळा केलेलं साव्याचं बी गच्चीवर पेरलं. तीन पानांवर ३०० च्या मात्रेने फवारलं, सगळं गेलं. १५० लाही बहुतेक गेलं. जी मात्रा पाच फुटव्यांच्या, तहानलेल्या साव्याला पुरली नाही, तिच्याहूनही कमी मात्रा तीन पानांच्या साव्याला पुरली.

३०० ला पुन्हा फुटलेल्या त्या एका झाडाचं बी मी वेगळं राखलं होतं. साव्याच्या ताज्या बियांना सुप्तावस्था असते. मार्चमध्ये त्यातल्या चारच उगवल्या आणि चारही मेल्या. चार झाडांवर मी काही लिहिणार नाही. उरलेलं बी फ्रिजमध्ये कागदी पाकिटात आहे, वर तारीख आणि कुंडीचा क्रमांक आहे. जूनमध्ये ते पेरायचं आहे. मामांचा परवा फोन आला होता, त्यांनी फ्लॅट फॅन नोझल घेतलं आहे. पेरणी झाली की पंधराव्या दिवशी बोलावतो म्हणाले, गवत किती पानांवर आलं ते मी वावरात येऊन मोजून सांगावं म्हणून.